ओसरीवरून : निषेध कोणी करावा?

२०२५ सालच्या एप्रिल महिन्याची २२ वी तारीख महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत दीर्घकाळ स्मरणात राहील. त्या दिवशी काश्मीरात पहलगामजवळ बैसरणच्या कुरणावर सव्वीस माणसे गोळ्या घालून मारण्यात आली. त्यांत सहा जण महाराष्ट्रातील होते आणि त्या सहांपैकी दोघे पुण्याचे. पूर्वी पुण्याची वार्ता आमच्या मुळशी खोऱ्यात सायंकाळच्या एस. टी.बरोबर येत असे. आता ती त्याच घटकेस प्रत्येकाच्या खिशातील यंत्रावर येऊन उभी राहते. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आमच्या ओसरीवर नेहमीची मंडळी जमली, तेव्हा कोणाच्याही तोंडी दुसरा विषय नव्हता. मारेकऱ्यांनी धर्म विचारून पुरुषांस वेगळे काढले, ही हकीकत सर्वांनी वाचली होती. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग एका वृद्ध स्नेह्यांनी तो प्रश्न केला, जो अशा प्रत्येक प्रसंगी आपल्या घराघरांत केला जातो : "हे सगळे खरे, पण ह्यांचे पुढारी कधी तोंड उघडून निषेध करतात का?"

आम्ही मान डोलाविली. ही गोष्ट येथे प्रांजळपणे नमूद करणे अवश्य आहे. कारण पुढील सर्व विवेचन त्या डोलाविलेल्या मानेविषयी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा एक जुना विद्यार्थी आला. जातीने तांबोळी, पौडच्या बाजारात त्याचे लहानसे दुकान आहे. हाती एक कागद होता. अंगणातच उभा राहून म्हणाला, "गुरुजी, उद्या जुम्मा आहे. बाजारात फलक लावायचा म्हणतोय. शुद्धलेखनाची चूक राहिली, तर लोक आधी तेवढीच बघतात. एकवार नजर फिरवता का?"

कागदावर तीन-चारच ओळी होत्या. पहलगामच्या हत्याकांडाचा 'आम्ही मुस्लिम समाज' तीव्र निषेध करतो आणि मृतांस श्रद्धांजली वाहतो, असा त्यांचा आशय. 'श्रद्धांजली'तील जोडाक्षर चुकले होते. ते आम्ही दुरुस्त केले. मग, मोठे शहाणपण सांगत आहोत अशा थाटात म्हणालो, "अरे, 'आम्ही मुस्लिम समाज' हे कशाला? 'समस्त पौडकर' असे लिही. दुःख सगळ्या गावाचेच आहे."

त्याने कागदाकडे पाहिले व सावकाश उत्तर दिले, "गुरुजी, ते शब्द काढले, तर लोक म्हणतील, मुसलमान कुठे गेले? ठेवले, तर माझा पोरगा विचारतो, बाबा, आपणच वेगळं का लिहायचं? आपण काय केलंय? तुम्हीच सांगा, काय करू?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्याने कागदाची घडी घातली, वाकून नमस्कार केला आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी बाजारात फलक लागला; ते तीन शब्द जसेच्या तसे होते. तो वाचून आम्हांस प्रथम हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याची घरी परत येईपर्यंत लाज वाटू लागली. ज्या मुलास आम्ही इयत्ता पाचवीपासून पाहिले, त्याच्याकडूनही आम्ही जणू एका दाखल्याची वाट पाहत होतो, आणि तो दाखला मिळाल्यावर आमचे समाधान झाले होते! ह्या महिन्याचे लिखाण त्या लाजेतून निघाले आहे.

ओसरीवरील प्रश्नास पहिले उत्तर वस्तुस्थितीचे दिले पाहिजे. पुढारी बोलतात काय? बोलतात, आणि पुष्कळदा बोललेले आहेत. पहलगामनंतर दुसऱ्याच दिवशी काश्मीर खोऱ्यात बंद पाळण्यात आला. मशिदींच्या ध्वनिक्षेपकांवरून हत्येचा धिक्कार झाला. हैदराबादचे खासदार असदुद्दीन ओवेसी ह्यांनी २५ एप्रिलच्या शुक्रवारी नमाजास जाताना दंडावर काळी फीत बांधावी असे आवाहन केले. त्या कुरणावर मरण पावलेल्या सव्विसांत एक स्थानिक मुसलमान घोडेवाला होता, हेही सांगितले पाहिजे. परंतु काळ्या फिती ही सर्व कृत्यांत सौम्य गोष्ट होय. ज्या कृत्याची आठवण आम्ही आज मुद्दाम करून देऊ इच्छितो, ते ह्याहून पुष्कळ कठोर होते व ते आपल्या महाराष्ट्रातच घडले.

२००८ च्या नोव्हेंबरात २६ तारखेच्या रात्री समुद्रमार्गाने आलेल्या दहा पाकिस्तानी हल्लेखोरांनी मुंबईवर हल्ला केला. छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालयाचा परिसर, ताज व ओबेरॉय ही उपाहारगृहे, नरिमन हाऊस, अशा ठिकाणी २९ तारखेच्या सकाळपर्यंत रक्तपात चालला. एकशे सहासष्ट जीव गेले. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, ज्यू होते, परदेशीय होते. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे अधिकारी व तुकाराम ओंबळे ह्यांच्यासारखा शूर शिपाईगडी ह्यांचे बलिदान प्रत्येक मराठी वाचकास ठाऊक आहे. हल्लेखोरांपैकी नऊ मारले गेले, एक जिवंत सापडला. नऊ प्रेते जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात ठेवण्यात आली आणि प्रश्न उभा राहिला : ह्यांचे करावयाचे काय? पाकिस्तानने ती आपली म्हणून स्वीकारली नाहीत. मग रीतीप्रमाणे मुसलमानांच्या कबरस्तानात त्यांस पुरावे, असा सरळ मार्ग होता.

तो मार्ग मुंबईच्या मुसलमानांनीच बंद केला. मरीन लाइन्सचे बडा कबरस्तान सुमारे साडेसात एकरांचे आहे. त्याचा कारभार जामा मशीद ट्रस्टकडे असतो. ही संस्था परंपरेने कोकणी मुसलमानांच्या जमातीशी निगडित आहे, म्हणजे ज्यांची घरची बोली आपल्या कोकणातीलच, अशा लोकांशी. ह्या ट्रस्टच्या विश्वस्तांनी स्पष्ट कळविले की, ज्यांनी हे घोर कृत्य केले त्यांस आम्ही मुसलमान मानीत नाही. आमच्या भूमीत त्यांस जागा मिळणार नाही. देशातील इतर कबरस्तानांनीही हीच भूमिका घ्यावी, असे आवाहन मुसलमान पुढाऱ्यांनी केले. त्या वर्षी ९ डिसेंबर रोजी बकरी ईद होती. ठिकठिकाणी लोकांनी काळ्या फिती लावून ती साधेपणाने पाळली. प्रेते वर्षाहून अधिक काळ शवागारातच पडून राहिली. अखेर २०१० च्या जानेवारीत सरकारने ती गुप्तपणे पुरली आणि एप्रिलमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील ह्यांनी विधिमंडळात ते जाहीर केले. दहावा, अजमल कसाब, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी आमच्या पुण्याच्या येरवडा कारागृहात फाशी गेला व तेथेच त्यास पुरण्यात आले.

वाचकांपैकी काहींस वाटेल, ह्यात एवढे विशेष ते काय? प्रेतास जागा दिली नाही, इतकेच. म्हणून ह्या कृत्याचे धर्मशास्त्रीय वजन थोडे उलगडून सांगणे इष्ट आहे. इस्लामी शास्त्रात मृताची जनाज्याची नमाज व दफन ह्यांस 'फर्ज-ए-किफाया' म्हणतात. म्हणजे हे कर्तव्य एकेका व्यक्तीवर नव्हे, तर समाजावर आहे. काहींनी पार पाडले तर सर्व मुक्त होतात आणि कोणीच पार पाडले नाही तर सर्वांस दोष लागतो. असे कर्तव्य नाकारणे म्हणजे 'हा आमच्या समाजाचा घटकच नव्हे, सबब त्याचे देणे आम्ही लागत नाही' असा निर्णय देणे होय. आत्मघात करणाऱ्याच्या जनाज्याची नमाज स्वतः पैगंबरांनी पढविली नाही, अशी एक परंपरा हदीसग्रंथांत आढळते. तथापि दफनास जमीनच न देणे हे त्याच्याही पुढचे पाऊल आहे.

आपल्या शास्त्राशी ह्याचे नाते जुळते. आज 'घटस्फोट' हा शब्द आपण पतिपत्नींच्या काडीमोडीसाठी वापरतो. परंतु मूळचा अर्थ निराळा आहे. जो महापातकी प्रायश्चित्तही घेत नाही, त्याच्या सपिंडांनी व बांधवांनी गावाबाहेर जमून, तो जिवंत असतानाच मृत झाला असे मानून त्यास उदक द्यावे आणि पाण्याने भरलेला घट दासीकडून पायाने पालथा करवावा, असा विधी मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सांगितला आहे. घट फुटला, नाते फुटले. मुंबईच्या विश्वस्तांनी २००८ साली केला तो, आमच्या मते, असाच घटस्फोट होता. आपल्यांतील पातक्यास आपणच बाहेर काढणे, हे शत्रूस शिव्या देण्याहून पुष्कळ अवघड असते. बिभीषणाची गोष्ट आठवावी. रावण पडल्यावर त्याचा अंत्यसंस्कार करण्यास सख्खा भाऊच कचरला. धर्म सोडलेल्या क्रूर पुरुषाचे उत्तरकार्य मी का करावे, असा त्याचा सवाल होता. वैर मरणाबरोबर संपते, असे सांगून श्रीरामांनी त्यास त्या कार्यास प्रवृत्त केले. आपण रामाचे औदार्य नेहमी गातो. बिभीषणाच्या त्या नकाराची किंमत मात्र क्वचितच मोजतो.

शब्दानेही हीच गोष्ट त्याच वर्षी सांगितली गेली होती, आणि तीही मुंबईच्या आधी. उत्तर प्रदेशातील देवबंद येथील दारुल उलूम हे १८६६ साली स्थापन झालेले विद्यापीठ भारतातील मुसलमानांत फार मान्यता पावलेले आहे. तेथे २५ फेब्रुवारी २००८ रोजी दहशतवादविरोधी परिषद भरली व दहशतवाद इस्लामबाह्य आहे असे घोषित झाले. मे महिन्याच्या अखेरीस दिल्लीच्या रामलीला मैदानावर ह्या आशयाचा फतवा वाचण्यात आला. 'फतवा' म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे जुलमी हुकूम उभा राहतो. वस्तुतः तो विचारलेल्या प्रश्नास मुफ्तीने शास्त्राधारे दिलेला अभिप्राय असतो. आपल्याकडे धर्मसभा वा पीठाचे आचार्य निर्णयपत्र देत, तशातलाच तो प्रकार. गंमत अशी की, १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक पेला चहा घेतल्याबद्दल रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य आले व प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. एका पेल्यासाठी आपली धर्मसत्ता जागी होऊ शकत होती. माणसे मारणाऱ्यांविरुद्ध त्यांची धर्मसत्ता जागी झाली, तर आपण तिची नोंदही घेऊ नये, हे न्याय्य नव्हे.

मुंबईचे हे उदाहरण एकाकी राहिले नाही. तत्पूर्वी, माद्रिद येथील आगगाड्यांतील स्फोटांच्या पहिल्या स्मृतिदिनी, ११ मार्च २००५ रोजी, स्पेनमधील मुसलमानांच्या मध्यवर्ती संस्थेने ओसामा बिन लादेन ह्याच्याविरुद्ध फतवा काढून त्यास धर्मबाह्य ठरविले होते. फ्रान्समध्ये रुआँ शहराजवळ २०१६ च्या जुलैत एका वृद्ध ख्रिस्ती धर्मगुरूची चर्चमध्येच गळा चिरून हत्या झाली, तेव्हा त्या गावच्या मुसलमानांनी मारेकऱ्याच्या दफनात भाग घेण्याचे नाकारले. २०१७ च्या जूनमध्ये लंडन ब्रिजवरील हल्ल्यानंतर एकशे तीसहून अधिक इमामांनी हल्लेखोरांच्या जनाज्याची नमाज आम्ही पढविणार नाही असे प्रसिद्ध केले. दफन नाकारण्याचा जो मार्ग मुंबईकरांनी २००८ साली धरला, तोच पुढे दूरदूरच्या लोकांनी धरला. मुंबईच्या निर्णयाची प्रशंसा २००९ मध्येच अमेरिकेतील एका नामांकित दैनिकाच्या स्तंभलेखकाने केली होती. येथील कितीशा घरांत तो निर्णय आजही ठाऊक आहे?

आता आक्षेपांकडे वळू. कारण सोयीचे तेवढे सांगून गैरसोयीचे गाळणे शिक्षकास शोभत नाही.

पहिला आक्षेप असा की, ह्याच बडा कबरस्तानात ३० जुलै २०१५ रोजी याकूब मेमन ह्यास पुरण्यात आले, आणि दफनास मोठा जमाव लोटला होता. १२ मार्च १९९३ च्या ज्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मेली, तिच्या खटल्यात तो फाशी गेला होता. मग २००८ चा बाणा कोठे गेला? ह्या प्रश्नास साधे उत्तर असे की, ते नऊ जण परके होते आणि हा मुंबईच्याच एका कुटुंबातील होता. त्याचे प्रेत घरच्यांनी मागून घेतले. परंतु हे उत्तर पुरेसे नाही, हे आम्ही मान्य करतो. परक्यास नाकारणे सोपे, घरच्यास नाकारणे कठीण. आणि कसोटी नेहमी घरच्याच्या वेळी लागते. त्याचबरोबर १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत सुमारे नऊशे माणसे मेली, त्यांतील ५७५ मुसलमान होती, असे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात नोंदलेले आहे. त्या प्रकरणी शिक्षा किती जणांस झाली, हा प्रश्न त्या जमावातील अनेकांच्या मनात असेल. कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. स्फोटांत मेलेल्यांच्या घरच्यांस तो जमाव पाहून काय वाटले असेल, ह्याचा विचार त्या समाजाच्या धुरीणांनी करावयास हवा होता.

दुसरा आक्षेप 'परंतु'चा आहे. काही पुढारी निषेध करतात आणि त्यास 'परंतु' जोडतात. २००८ च्या डिसेंबरात, मुंबई शोकात बुडालेली असता, महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री व तेव्हाचे केंद्रीय मंत्री बॅ. अ. र. अंतुले ह्यांनी करकऱ्यांच्या मृत्यूविषयी भलतीच शंका जाहीरपणे काढली व संसदेत गदारोळ झाला. अंतुले कोकणी मुसलमान, आणि कबरस्तानाचे विश्वस्तही त्याच परंपरेतील संस्थेचे. एकाच महिन्यात, एकाच प्रसंगी, एका समाजातून दोन आवाज निघाले. विश्वस्तांच्या निर्णयाने दहा भाषणांचे काम केले. मंत्र्यांच्या एका शंकेने ते पुष्कळसे पुसून टाकले. मृतांच्या चितांवर संशयाची काडी टाकणारा पुढारी आपल्याच लोकांचे सर्वाधिक नुकसान करतो, हे आम्ही निःसंकोच म्हणतो.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, अडचण आहे. पुढारी म्हणावे कोणास? बोहरा, खोजा, मेमन, कोकणी, देवबंदी, बरेलवी, खेड्यापाड्यांतील मुलाणी, आतार, तांबोळी. ह्या सर्वांचा एक पोप नाही. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे चिपळूणकडचे हमीद दलवाई हेही मुसलमानांचे पुढारीच होते. पण त्यांच्या लोकांनी त्यांस दगड मारले आणि आपण त्यांस टाळ्या दिल्या. आपल्याला रुचेल तो पुढारी एकटा पडतो, आणि आपल्याला न रुचणारा प्रातिनिधिक ठरतो, अशी आपली मोजणी आहे.

आता मूळ मुद्दा. वाचकहो, ह्या मासिकाच्या बहुतेक घरांत एक विषय असा आहे की जो मोठ्या आवाजात बोलला जात नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण होता. पुढील काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या भागांत ब्राह्मणांची घरे जळाली. कोल्हापुरास भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यात आला. मुंबईत डॉ. नारायणराव सावरकर जमावाच्या दगडांनी जबर जखमी झाले व पुढच्या वर्षी वारले. ज्यांची घरे जळाली, त्यांतील हजारांत एकासही त्या कटाची गंधवार्ता नव्हती. आडनाव पुरेसे होते.

आमचे आजोळ सातारा जिल्ह्यातील एका लहान गावी होते. आमच्या मातोश्री तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक, सूत कातणारे. गांधीजी गेल्याचे कळताच ते त्या रात्री जेवले नाहीत. दोन दिवसांनी गावाबाहेरून टोळी आली व घर पेटले. बायकामुलांस पाटलांच्या वाड्यात आसरा मिळाला. पाटीलबाई स्वतः दारात बसून होत्या, म्हणून ती वाचली. ही कथा आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली. परंतु तिचा शेवट मातोश्री क्वचितच सांगत. धामधूम शमल्यावर चावडीवर सभा झाली आणि आजोबांस उभे करून सांगण्यात आले की, 'ब्राह्मणांच्या वतीने' हत्येचा निषेध करा. त्यांनी तो केला. घरी, म्हणजे जे उरले होते त्या भिंतींत, आल्यावर ते आजीस म्हणाले, "जे मी उपाशी राहून आधीच केले होते, ते मला गुन्हेगारासारखे उभे राहून पुन्हा करावे लागले. निषेधाचे मला दुःख नाही. 'वतीने' ह्या शब्दाचे आहे."

तो 'वतीने' आम्ही आयुष्यभर वाहिला. आणि २०२५ च्या एप्रिलात तोच शब्द आम्ही एका तांबोळ्याच्या मुलाच्या खांद्यावर निःशंकपणे ठेवला. त्याच्या पोराचा प्रश्न, 'आपण काय केलंय?', आमच्या मातोश्रींनी आठव्या वर्षी विचारलेला होता.

येथे कोणी म्हणेल की, तुलना अस्थानी आहे. १९४८ चा मारेकरी एक, आणि इकडे संघटित टोळ्या, शेजारी राष्ट्राचे पाठबळ, धर्माच्या नावाने दिलेली चिथावणी. हा फरक आम्ही जाणतो. ज्या हिंसेची कारणे धर्मवचनांच्या आधारे सांगितली जातात, तिचे खंडन त्या धर्माच्या जाणत्यांनीच करावे लागते; इतर कोणाच्या खंडनास तेथे किंमत नसते. निरपराध्याच्या वधाविषयी कुराणाच्या पाचव्या अध्यायात जे वचन आहे, ते आम्ही सांगितल्याने एकही तरुण थांबणार नाही. त्याचा इमाम सांगेल तर कदाचित थांबेल. म्हणून देवबंदचा फतवा व मुंबईच्या विश्वस्तांचा नकार ह्यांची आवश्यकता होती व पुढेही राहील. धर्मगुरूंकडे, संस्थांकडे, मते मागणाऱ्या पुढाऱ्यांकडे निःसंदिग्ध शब्दाची अपेक्षा करणे रास्त आहे. पद घेतले की जबाबदारी आली. परंतु बाजारातील दुकानदाराने, शाळेतील पोराने, शेजारच्या आजीने कोणते पद घेतले आहे? पुढाऱ्याची जबाबदारी व शेजाऱ्याकडून मागितलेला जबाब, ह्या दोहोंत आम्ही गोंधळ केला होता.

त्या गोंधळाचे दुष्परिणाम न्यायालयांच्या दप्तरातही दिसतात. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकलगाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात ज्या बारा मुसलमानांस दोषी ठरविले होते, त्या सर्वांस उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास इतर खटल्यांत दाखला मानू नये असे पुढे सांगितले. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटात सहा माणसे मेली. त्यात हिंदू आरोपी होते व तेव्हा 'तुमचे पुढारी का बोलत नाहीत' हा प्रश्न आपल्या घरांस विचारला जात होता. त्या सातही आरोपींस विशेष न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडले. एकाच महिन्यात दोन निकाल. मेलेली माणसे मात्र मेलीच, आणि त्यांस कोणी मारले हे कळले नाही. धिक्कार कृत्याचा तत्काळ करावा. माणसाचा मात्र पुराव्यावाचून करू नये, आणि त्याच्या जातभाईंचा तर कधीच करू नये, एवढा बोध ह्यातून घ्यावयाचा.

घरातील वडीलधाऱ्यांस आमची दोन विनवण्या आहेत. पुन्हा असा दुर्दैवी प्रसंग आला, तर मुलांच्या देखत 'ह्यांचे पुढारी बोलत नाहीत' असे म्हणण्यापूर्वी, ते बोलले काय ह्याची चौकशी करावी. आणि बोलले असतील, तर ते जेवताना मुलांस सांगावे. न बोलले किंवा 'परंतु' लावून बोलले, तर तेही सांगावे. दुसरी विनवणी अशी की, शेजाऱ्याकडून निषेधाची वाट पाहू नये. आपणच त्याच्याकडे जाऊन, 'वाईट झाले' एवढे म्हणावे. दुःख वाटून घेण्यास दाखला लागत नाही.

आम्ही ते विलंबाने केले. फलक लागल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानावर गेलो व त्यास म्हणालो, "तू विचारलेस त्याचे उत्तर मला अजून ठाऊक नाही. पण तुझ्या फलकाखाली माझी सही करू दे." त्याने लेखणी दिली. 'आम्ही मुस्लिम समाज' ह्या शब्दांच्या खाली आम्ही आमचे नाव, आडनावासह, लिहिले. सायंकाळपर्यंत खाली आणखी अकरा सह्या झाल्या होत्या. ओसरीवर तो प्रश्न करणाऱ्या वृद्ध स्नेह्यांची त्यांत होती. काठी टेकीत ते आपण होऊन गेले होते, असे आम्हांस मागाहून कळले.